पेटीतले कागद आणि इतिहासकार : जॉन होप फ्रँकलिन यांच्या निमित्ताने

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य आपल्याला परके नाही. लँग्स्टन ह्यूज, रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या चर्चेत वारंवार येतात. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. कवी आपले झाले, कादंबरीकार आपले झाले, लढवय्ये आपले झाले. इतिहासकार मात्र आपल्या चर्चेच्या कडेला राहिला. ग्रंथालयात बसून जुने कागद वाचणारा माणूस चळवळीच्या फारसा कामाचा नाही, असा एक समज आपल्यात आहे. तो तपासून पाहावा असे मला वाटते. त्यासाठी जॉन होप फ्रँकलिन या प्राध्यापकाचे आयुष्य आणि त्यांच्या घराण्याचे कागद यांचा येथे विचार करतो.

फ्रँकलिन यांचा जन्म २ जानेवारी १९१५ रोजी ओक्लाहोमातील रेंटिसव्हिल या केवळ कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावी झाला. वडील वकील, आई शिक्षिका. सहा वर्षांचे असताना आई आणि बहिणीबरोबर ते आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसले, म्हणून तिघांना वाटेतच खाली उतरवले गेले आणि रानातून चालत परतावे लागले. पुढे फिस्क विद्यापीठातून १९३५ साली ते पदवीधर झाले. हार्वर्डला जायला पैसे नव्हते, तेव्हा थिओडोर करियर या त्यांच्या गोऱ्या प्राध्यापकाने बँकेतून पाचशे डॉलरचे कर्ज काढून दिले. १९४१ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. १९४७ साली त्यांचा 'फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम' हा ग्रंथ आला आणि अमेरिकेच्या इतिहासात कृष्णवर्णीयांना अभ्यासाचा विषय म्हणून हक्काची जागा मिळाली. १९५६ साली ब्रुकलिन कॉलेजच्या इतिहास विभागाचे ते प्रमुख झाले. विभागातील बाकी सारे अध्यापक गोरे होते. या विभागप्रमुखाला कॉलेजजवळ घर विकत घेताना मात्र फार यातायात करावी लागली. पद मिळते पण घर मिळत नाही, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला समजावून सांगायला नको.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. १९३९ साली प्रबंधाच्या कामासाठी ते नॉर्थ कॅरोलायनाच्या रॅली शहरातील सरकारी दप्तरखान्यात गेले. इमारत बांधताना तेथे कोणी कृष्णवर्णीय संशोधक येईल अशी कल्पनाच कोणी केली नव्हती. वाचनालयात त्यांना गोऱ्यांबरोबर बसवता येईना. मग त्यांच्यासाठी एक वेगळी खोली रिकामी करण्यात आली. गोऱ्या नोकरांनी त्यांना कागद आणून देणे शोभणार नाही, म्हणून कागदांच्या कोठारांची किल्लीच त्यांच्या हाती देण्यात आली! ते हवे ते दप्तर स्वतः काढून आणू लागले. थोड्याच दिवसांत गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली : याला कोठारात मोकळे फिरता येते आणि आम्हाला मात्र चिठ्ठी देऊन वाट पाहावी लागते. किल्ली काढून घेण्यात आली.

विटाळाच्या नियमाने चुकून एक दार उघडले, आणि ते उघडले आहे हे ध्यानात येताच ते बंद करण्यात आले. अस्पृश्यता नुसती माणसाला बाहेर ठेवत नाही. ती त्याला त्याच्याविषयी लिहिलेल्या कागदांपासूनही दूर ठेवते. फ्रँकलिन ज्या विषयावर प्रबंध लिहीत होते तो विषय होता गुलामगिरीच्या काळातील मुक्त कृष्णवर्णीयांचा. त्यांच्याच लोकांची नावे त्या दप्तरांत होती.

पण फ्रँकलिन यांच्याजवळ दुसराही एक दप्तरखाना होता, तो घरातला. त्यांचे आजोबा चिकसॉ या मूळनिवासी राष्ट्राच्या प्रदेशात गुलाम होते. ज्यांना गोऱ्यांनी देशोधडीला लावले त्यांनीही गुलाम बाळगले, ही गोष्ट श्रेणीबद्ध विषमतेचा अर्थ डॉ. आंबेडकरांकडून शिकलेल्या वाचकाला चटकन उमगेल. आजोबा पळून गेले, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात भरती झाले आणि मालकाचे बर्नी हे आडनाव टाकून त्यांनी फ्रँकलिन हे आडनाव घेतले. म्हणजे जे आडनाव पुढे जगभर ग्रंथांवर छापले गेले, ते एका पळून गेलेल्या गुलामाने स्वतः निवडलेले आडनाव आहे. त्यांचे चिरंजीव बक कोलबर्ट फ्रँकलिन हे वकील झाले आणि उतारवयात त्यांनी आत्मचरित्र लिहिले. १९६० साली ते वारले. हस्तलिखित घरात राहिले. मुलगा आणि नातू या दोघांनी ते संपादित करून १९९७ साली प्रसिद्ध केले. नंतर २००५ साली जॉन होप यांचे स्वतःचे आत्मचरित्र 'मिरर टू अमेरिका' आले. त्यांचे कागदपत्र आज ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासकांना पाहता येतात.

या कागदांचे मोल काय, ते तल्सा शहराच्या हकिकतीवरून कळते. बक फ्रँकलिन १९२१ साली वकिलीसाठी तल्सात आले. कुटुंब मागाहून यायचे होते. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळून टाकली. बाराशेहून अधिक घरे जळाली. सारे गोरे सभासद असलेल्या चौकशी मंडळाने दोष कृष्णवर्णीयांवरच ठेवला. वस्ती पुन्हा बांधता येऊ नये असा बांधकामाचा नियम नगरपालिकेने केला. बक फ्रँकलिन यांनी तंबूत कचेरी थाटून त्याविरुद्ध लढा दिला आणि तो नियम रद्द करून घेतला. त्यांचे कुटुंब तल्सात येऊ शकले ते चार वर्षांनी, १९२५ साली.

नंतर कित्येक दशके हे हत्याकांड शाळेच्या पुस्तकांत नव्हते. जे वाचले त्यांच्या आठवणी होत्या, पण आठवणीला 'अतिशयोक्ती' म्हणून उडवून लावणे सोपे असते. २०१५ साली बक फ्रँकलिन यांची दहा टंकलिखित पाने सापडली. त्यांवर तारीख होती २२ ऑगस्ट १९३१. महायुद्धात लढून आलेल्या एका कृष्णवर्णीय सैनिकाची दशा त्यांत आहे, आणि वस्तीवर घिरट्या घालणारी विमाने व वरून पेटत आलेल्या इमारती लेखकाने स्वतः पाहिल्याची साक्ष आहे. ती पाने आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. वकिलाने लिहिलेली, तारीख घातलेली साक्ष सहजासहजी खोडून काढता येत नाही.

'मिरर टू अमेरिका' वाचताना मात्र दोन गोष्टी खटकतात. पहिली म्हणजे लेखकाचा संयम. दप्तरखान्यातील प्रसंगही ते जणू दुसऱ्या कोणाचा असावा अशा तटस्थपणे सांगतात. पुढे पुढे तर समित्या, व्याख्याने आणि सन्मान यांची नोंद इतकी दाट होते की माणूस त्यामागे झाकला जातो. आपल्या आत्मकथनांतील आक्रोशाची सवय असलेल्या वाचकाला ते कोरडे वाटेल. तरीही या संयमाला मी भित्रेपणा म्हणणार नाही. ज्याच्या प्रत्येक विधानावर संशय घेतला जाणार आहे, त्याने पुराव्यापुढे एक शब्दही न जाण्याची शिस्त अंगी बाणवली, ही त्याची लढाईची रीत होती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आजोबांची सैन्यातील नोंद आहे, वडिलांचे आत्मचरित्र आहे, मुलाचे ग्रंथ आहेत. आई मॉली शिक्षिका होत्या, पत्नी ऑरेलिया ग्रंथपाल होत्या. दोघी शिकलेल्या, पण त्यांची ओळख मुख्यतः पुरुषांच्या लेखनातून होते. घराण्याचा दप्तरखानाही पुरुषाचा कागद आधी जपतो. बेबी कांबळे यांनी आपले लेखन घरातल्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते, हे येथे आठवावे.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात उच्चवर्णीय घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांनी यजमानांच्या पिढ्या वह्यांत लिहून ठेवल्या. आमच्या पिढ्या कोणी लिहिल्या? सरकारने! १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा पुरावा आणा, वंशावळ लिहा, प्रतिज्ञापत्र करा, असे जात पडताळणीत अनुसूचित जातीच्या मुलाला सांगितले जाते. ज्याला समाजाने कुळ नाकारले, त्यालाच आज कुळाचा कागद मागितला जातो. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत माझे विद्यार्थी हातात फायली घेऊन धावताना मी पाहतो. माझी स्वतःचीही अशी एक फाईल आहे. दोन इयत्ता शिकलेल्या आजोबांच्या शाळेतील नोंदीत आडनाव नाही. त्या जागी जातच लिहिली आहे. वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे. या दोन कागदांच्या मध्ये १९५६ सालचे धर्मांतर उभे आहे. मालकाचे आडनाव टाकणारा तो सैनिक आणि दिलेली जात टाकणारे आमचे लोक, दोघांनीही आपली नोंद आपल्या हाताने बदलली. कचेरीतल्या कारकुनाला त्या फाईलमध्ये फक्त 'त्रुटी' दिसते. तोच कागद इतिहास म्हणून वाचण्याचे काम आपले आहे.

हे काम आपल्याला नवे नाही. बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन वर्षानुवर्षे पेट्यांत पडून होते. १९७६ साली शासनाची समिती झाली, १९७९ साली वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड निघाला. १९८७ सालच्या तिसऱ्या खंडातील प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीविषयीचे लेखन अपूर्ण आहे. काही भाग कधी सापडलाच नाही. दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. ते पत्र आज आपण वाचू शकतो, कारण द्यु बॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने सांभाळले.

'बलुतं' १९७८ साली आले तेव्हापासून आपली आत्मकथने हाच आपला दप्तरखाना ठरला आहे, आणि ते रास्तही आहे. ज्यांच्याजवळ कागद नव्हता त्यांनी आठवण हाच कागद केला. पण प्रस्थापित समीक्षेने या पुस्तकांना 'अनुभव' म्हणून गौरवले आणि 'पुरावा' म्हणून बाजूला ठेवले. आठवणीशेजारी जेव्हा वतनाचा कागद, शाळेचा दाखला, परिषदेचे हस्तपत्रक, शहरात मजुरीला गेलेल्या बापाचे पत्र ठेवले जाईल, तेव्हा ही सोय त्यांना राहणार नाही.

म्हणून माझ्या अध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. पडताळणीसाठी विद्यार्थी जे कागद गोळा करतो, त्यांची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, त्याच्या घरच्यांच्या संमतीने आणि त्यांनी घातलेल्या अटींवर, जपून ठेवता येईल. त्याबरोबर आजीला विचारून तिच्याकडच्या पिढ्याही लिहून घ्याव्यात, कारण वंशावळीच्या सरकारी तक्त्यात तिचे माहेर येत नाही. याला मोठा निधी लागत नाही. एक कपाट लागते, एक नोंदवही लागते आणि कपाटाची किल्ली आपल्या माणसाच्या हाती असावी लागते.