चेहऱ्यास नाव देताना

ज्या चित्रपटात कलावंत दिसतो, ऐकूही येतो, परंतु त्याचे नाव कोठेच नाही, अशा चित्रपटाची समीक्षा कशी करावी? अमेरिकेतील १९४०च्या दशकातील ‘साउंडी’ हे लघुपट हा प्रश्न सतत पुढे टाकतात. उपाहारगृहात किंवा मद्यगृहात ‘पॅनोरम’ नावाचे कपाटाएवढे यंत्र असे. ते शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीचे. त्यात दहा सेंटचे नाणे टाकले की सुमारे तीन मिनिटांचे एक गाणे पडद्यावर उमटे. एका रिळावर आठ गाणी असत, आणि निवडीची सोय नसे. पुढे येईल ते पाहावे. १९४७ पर्यंत असे अठराशेहून अधिक लघुपट निघाले. आरंभीच्या पाटीवर मुख्य गायकाचे किंवा वाद्यवृंदाचे नाव येई. मागे नाचणारी मुलगी, कोपऱ्यातला ढोलवादक यांची दखल सहसा कोणी घेतली नाही.

ही नावे आज शोधली जात आहेत, आणि हे कार्य आम्ही संशोधनाइतकेच समीक्षेचेही मानतो. कारण येथे डोळा आणि कान हे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. संगीत आधी मुद्रित होई. चित्रीकरण मागाहून, त्या मुद्रणाबरहुकूम. पडद्यावर तुतारी फुंकणारा तोच ऐकू येणारा वादक असेल, याची हमी नाही. पार्श्वगायनाला सरावलेल्या आपल्या वाचकांस हे नवे वाटू नये. ‘महल’ (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले होते. लता मंगेशकर हे नाव श्रोत्यांच्या चौकशीनंतर रेडिओवरून सांगावे लागले.

त्यात आणखी एक गंमत. पॅनोरममध्ये चित्र आरशांवरून परावर्तित होऊन पडद्यावर येई, म्हणून प्रती मुद्दाम उलट्या छापीत. तीच प्रत साध्या प्रक्षेपकावर लावली की उजवा वादक डावरा होतो. केवळ चेहऱ्यावरून किंवा हातावरून निर्णय देणाऱ्यास अशी प्रत सहज फसवू शकते. म्हणूनच मार्क कँटर यांचा साउंडींचा इतिहास व सूची (२०२३) आम्हांस मोलाची वाटते. अशा सूचीत एखादे नाव चुकीचे पडले, तर पुढचे दहाजण तेच उतरून घेतात. रिकामी जागा त्याहून पुष्कळ बरी.

नर्तकांची कथा अधिक बोचरी आहे. १९४१ साली ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाबरोबर चित्रित झालेल्या ‘हॉट चॉकलेट’ या साउंडीत हार्लेममधील लिंडी हॉप नर्तकांचे पथक आहे. ते ओळखले जाई ‘व्हाइटीज लिंडी हॉपर्स’ या, म्हणजे चालक हर्बर्ट व्हाइट यांच्या, नावाने. या पथकातले फ्रँकी मॅनिंग पुढे तीसहून अधिक वर्षे टपाल खात्यात नोकरी करीत होते. १९८०च्या दशकात तरुण नर्तकांनी त्यांना शोधून काढले. २००९ साली ते निवर्तले. त्यांच्या सहकारी नॉर्मा मिलर २०१९ पर्यंत होत्या. विचारणारे आले म्हणून यांच्या आठवणी टिकल्या. इतर कितीजणांना कोणी विचारलेच नाही.

साउंडीहून वेगळा, पण याच विचारात ज्यास टाळता येत नाही, असा लघुपट म्हणजे वॉर्नर ब्रदर्सचा ‘जॅमिन द ब्लूज’ (१९४४). दिग्दर्शक छायाचित्रकार ग्यॉन मिली. अंधारात प्रथम दिसतात ती केवळ प्रकाशाची वर्तुळे. ती लेस्टर यंग यांच्या टोपीचा माथा आहे, हे टोपी वर उचलली जाते तेव्हा कळते. आमच्या मते संगीत-लघुपटांत इतका नेमका प्रारंभ दुर्मिळ आहे. परंतु याच अंधाराने आणखी एक काम केले. वादकांत गिटारवादक बार्नी केसेल तेवढे गोरे. काळे व गोरे एकत्र वाजविताना दिसले तर दक्षिणेकडील चित्रगृहे बिथरतील, या भीतीने त्यांना सावलीत बसविले, आणि हात जवळून दाखवावयाचे तेव्हा ते फळांच्या रसाने काळवंडविले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. चित्रपटातील छायाप्रकाशाची वाखाणणी अनेकांनी केली आहे, आणि ती रास्तच आहे. तथापि त्यातील कोणती सावली सौंदर्यासाठी पडली आणि कोणती भयापोटी, हा भेद गिटारवर बसलेल्या त्या माणसाचे नाव ठाऊक असल्यावाचून करता येत नाही.