ऋतुचक्र आणि मतदान : एका शोधनिबंधाची चिकित्सा

संप्रेरकांमुळे स्त्रीचा निर्णय डळमळतो, हे मत जुनेच आहे. १९१२ साली ऑल्मरॉथ राइट यांनी लंडनच्या 'टाइम्स'मधील पत्रात स्त्रीच्या शरीरधर्माचाच आधार घेऊन मताधिकारास विरोध केला होता. २०१३ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये क्रिस्टिना ड्युरांटे व सहकाऱ्यांनी मांडलेला निष्कर्ष या पार्श्वभूमीवर तपासावा लागतो. २०१२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत बीजोत्सर्गाच्या काळात एकट्या स्त्रिया ओबामांकडे, तर जोडीदार असलेल्या रॉम्नींकडे झुकल्या, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वस्तुतः येथे संप्रेरकांचे मापनच नाही. आंतरजालावरील प्रश्नावलीत स्त्रियांनी सांगितलेल्या पाळीच्या तारखांवरून बीजोत्सर्गाचा काळ गृहीत धरला आहे. (अशा तारखा आठवून सांगणे किती बेभरवशाचे, हे स्त्रीवाचकांस सांगावयास नको.) त्याहून गंभीर बाब अशी की, एकाच स्त्रीचे मत महिनाभरात बदलते काय, हे पाहिलेले नाही, निरनिराळ्या स्त्रियांची तुलना केली आहे. शीर्षकातील 'दोलायमान' हे विशेषण त्यामुळे निराधार ठरते. २०१४ साली हॅरिस व मिकेस यांना स्वतंत्र पाहणीत राजकीय व धार्मिक मतांवर ऋतुचक्राचा परिणाम आढळला नाही.

पुरुषांतील टेस्टोस्टेरॉनही सकाळी अधिक, सायंकाळी कमी असते. मात्र ड्युरांटे यांच्या अभ्यासात पुरुष मतदार नाहीत.