इशानच्या आईचं काय?

यंदा दशलक्षण पर्व संपल्यावर आमच्या श्राविका मंडळात 'तारे जमीं पर' दाखवला. सिनेमा जुनाच, २००७ सालचा, बहुतेकींनी दोन-दोनदा पाहिलेला. तरी आईचं ते गाणं लागलं तेव्हा पदर डोळ्यांना गेलेच. दिवे लागले आणि बोलणं सुरू झालं. पहिलंच वाक्य कानावर आलं ते असं, "काय बाई ती आई! रोज वही घेऊन समोर बसते आणि पोराला काय होतंय ते कळू नये?" दुसरी म्हणाली, "आईला कळत नाही तर मग कुणाला कळायचं?" माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ बसली होती. "अक्का, चहाचं बघून येते," म्हणून ती उठली. चहाला अजून अर्धा तास होता.

तेव्हापासून हा सिनेमा माझ्या डोक्यातून जाईना. तो वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. अमोल गुप्ते यांनी लिहिलेला आणि आमिर खाननं दिग्दर्शित केलेला हा सिनेमा आला नसता, तर डिस्लेक्सिया हा शब्द आमच्या गल्लीपर्यंत पोचलाच नसता. 'अभ्यासाचा आळशी' आणि 'वाह्यात' याच्यापलीकडं तिसरं काही असू शकतं, हे त्यानं लाखो घरांना दाखवलं. दर्शिल सफारीचा इशान आठवला की अजून पोटात तुटतं. पण या वेळी मी इशानकडं बघत नव्हते, त्याच्या आईकडं बघत होते. आणि बघता बघता लक्षात आलं, की सिनेमा तिच्याकडं फारसा बघतच नाही.

निकुंभ सर मुंबईला इशानच्या घरी येतात तो प्रसंग आठवा. वह्या उघडतात, चुकांमधली संगती दाखवतात, अक्षरं कशी उलटी होतात ते सांगतात, आणि एका बैठकीत निदान! या वह्या त्या बाईनं शंभर वेळा चाळलेल्या आहेत. तिनं त्याला शब्द घोकून घेतलेत, काल आलेला शब्द आज विसरलेला पाहिलाय, चिडलीय, रडलीय. मुलाची सगळ्यात जास्त माहिती त्या खोलीत कुणाजवळ असेल तर तिच्याजवळ. पण माहिती असलेली बाई गप्प ऐकते आणि दुपारी आलेला माणूस सांगतो. पुढं वडील शाळेत येतात आणि म्हणतात, की बायको इंटरनेटवर याविषयी वाचते आहे. म्हणजे ती वाचते हेसुद्धा आपल्याला नवऱ्याच्या तोंडून कळतं. वर सर काळजी म्हणजे काय यावर दोन शब्द सुनावतात. टाळ्या पडतात. आमच्याही हॉलमध्ये पडल्या. जिनं रात्री बसून वाचलं ती त्या प्रसंगात नाहीच.

खऱ्या आयुष्यात निदान असं एका दुपारी होत नाही. आधी डोळे तपासतात, कान तपासतात, बुद्ध्यांक काढतात, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. शिकण्यातल्या अशा विशिष्ट अडचणीचं सरकारी प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. सिनेमा आला तेव्हा तर कायद्यात याला जागाच नव्हती. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती. २०१६ च्या कायद्यात ती एकवीस झाली, तेव्हा हीही आली आणि स्वमग्नताही. सिनेमानं हे सगळं दाखवायला हवं होतं असं नाही. अडीच-तीन तासांत किती दाखवणार? पण जादूगारासारखा मास्तर दाखवला की बघणाऱ्या बायकांना वाटतं, इतकं सोपं होतं, मग आईला का दिसलं नाही?

आता माझ्या घरातलं सांगते, कारण हा राग मला कुठून आला ते सांगितल्याशिवाय ही समीक्षा प्रामाणिक होणार नाही.

माझा पुतण्या, धाकट्या जावेचा मुलगा, आज अकरा वर्षांचा आहे. तो चौदा महिन्यांचा असताना जाऊ मला म्हणाली होती, "अक्का, हा हाक मारली तर बघत नाही. आणि बोट दाखवत नाही कशाकडं." मी भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "मुलगे उशिराच बोलतात गं. तुझा नवरा तीन वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता." सासूबाईंनीही मान डोलावली. ती गप्प बसली. दीड वर्ष गप्प बसली. पुढं कळलं, की सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची यादी आहे. पक्कं निदान नव्हे, नुसती चाळणी. पण तिच्यात बोट दाखवण्याविषयी विचारतात, आणि उत्तरं द्यायची असतात आईबापांनी. म्हणजे जगातले तज्ज्ञ जे आईला विचारतात, ते माझ्या जावेनं आपणहून सांगितलं होतं, आणि मी तिला गवारीच्या शेंगांवरून वाटेला लावलं.

शेवटी मोठ्या शहरात दाखवायला गेलो तेव्हा मी बरोबर होते. आधी बेरा म्हणून कानाची तपासणी. कान चोख. मग दोन दिवस खेळ, निरीक्षण, प्रश्न. आपल्याकडं स्वमग्नता मोजायला सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली एक मोजपट्टी वापरतात, चाळीस मुद्द्यांची. नजरेला नजर देतो का, एकच शब्द परत परत म्हणतो का, आवाजाला दचकतो का. सत्तरच्या खाली गुण असतील तर स्वमग्नता नाही, जास्त असतील तर सौम्य, मध्यम, तीव्र. नंतर त्यावरून टक्के. आमच्या घरात टक्के म्हणजे दहावीचे, बारावीचे. टक्के जास्त म्हणून वाईट वाटायची ती पहिलीच वेळ.

आणि त्या चाळीस मुद्द्यांवर बोललं कोण? जाऊच. कधी बसला, कधी चालला, जन्मल्यावर लगेच रडला का, पहिला शब्द कुठला, तो शब्द नंतर हरवला का. तिला सगळं तारीखवार पाठ होतं. दीर मधूनच "हो, असेल" म्हणायचे. सगळं लिहून झाल्यावर तिथल्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही रात्री किती तास झोपता?" ती बोटं मोजायला लागली. तीनवर थांबली. सलग की तुकड्या-तुकड्यानं, असं पुढं विचारल्यावर तिला काही सांगताच येईना. एकाच घरात राहून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तपासणी कशी असावी, तर अशी, हे मला त्या दिवशी कळलं: मुलाचा कागद आणि आईचा कागद एकाच फाइलला लागावा. गोव्यात 'सेतू' नावाचं केंद्र आहे, त्याच्या पूर्ण नावातच मुलांच्या विकासाबरोबर कुटुंबाला मार्गदर्शन हेही आहे. नाव ठेवणाऱ्यांना काहीतरी कळलेलं असणार.

उलटही अनुभव आला. त्याआधी एकानं सांगितलं होतं, घरात दोन भाषा आहेत म्हणून पोरगं बोलत नाही, एकच भाषा ठेवा. आमच्या सासूबाई कन्नड बोलणाऱ्या, आम्ही सुना मराठी. सीमाभागात हे घरोघरी आहे. सासूबाईंनी त्या नातवाशी बोलणंच बंद केलं. सहा महिने त्याला मांडीवर घेऊन नुसत्या बसायच्या. दोन भाषांमुळं स्वमग्नता येत नाही, हे मॅडमनी सांगितल्यावर त्यांचं तोंड उघडलं. गंमत बघा, व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी आपल्या भागासाठी बसवली, ती मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत. त्यांना तेव्हा ठाऊक होतं इथली मुलं कशी बोलतात!

'चौकट राजा' (१९९१) मी परवा पुन्हा पाहिला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू सगळ्यांच्या लक्षात आहे. तो जन्मापासून तसा नाही, लहानपणच्या अपघातानं झालेला, तेव्हा गोष्ट वेगळी. पण तिथं सुलभा देशपांडे यांची आई आहे. थकलेली, म्हातारी होत चाललेली, मोठ्या झालेल्या लेकराला सांभाळणारी. 'माझ्यामागं याचं काय' हा प्रश्न त्या बाईंच्या नुसत्या बसण्या-उठण्यातून दिसतो. माझ्या मते मराठी पडद्यावर अशा घराजवळ सगळ्यात जास्त गेलेली ती भूमिका. त्या वेळी कायद्याकडं याचं उत्तर नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानंतर मूल अठरा वर्षांचं झाल्यावर जिल्ह्याच्या समितीकडून रीतसर पालक नेमून घेता येतो, निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो. किती आयांना हे माहीत आहे? मंडळात विचारलं तर एक हात वर झाला, तो जावेचा.

'यलो' (२०१४) मध्ये मृणाल कुलकर्णींची आई जास्त मोकळी, जास्त धीट. गौरी गाडगीळ स्वतःच पडद्यावर येते, हे तर फार मोठं आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीला तिचीच भूमिका करू देणं आपल्याकडं कुणाला सुचलं होतं? पण तिथं शेवटी पदक आहे, आणि इशानला चित्रांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस. मूल जिंकलं म्हणजे आईचं सोसणं वसूल झालं, असा हिशेब या दोन्ही सिनेमांत नकळत बसतो. माझा पुतण्या पोहत नाही, चित्र काढत नाही. गेल्या दिवाळीत तो स्वतःच्या शर्टाची बटणं लावायला शिकला. त्याला दोन वर्षं लागली. त्यावर कोण सिनेमा काढणार?

आईला दोष द्यायची हौस आपलीच आहे असंही नाही. अमेरिकेत ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या गृहस्थांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात मुलाच्या स्वमग्नतेचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं होतं. शीतकपाटासारखी आई, असा शब्दच तेव्हा चालायचा. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलंड यांनी, ज्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, ते खोडून काढलं होतं. तरी कित्येक वर्षं आया ते ऐकत राहिल्या. आमच्याकडं शीतकपाट नाही म्हणत, पूर्वभवाचं कर्म म्हणतात. "ज्ञानावरणीय कर्म गं, काय करणार," असं एकीनं जावेला बस्तीच्या पायरीवर सांगितलं, आणि स्वर असा, की जणू तिनंच ते बांधून लेकराच्या गळ्यात घातलं. पाठशाळेत आपण शिकलो ते काय? ज्याचं कर्म त्याचं. आईचं कर्म मुलाला चिकटत नाही. तेव्हा निदान धर्माच्या नावावर तरी हे खपवू नये. आणि अंतरंगातल्या सहा तपांत वैयावृत्त्यही आहे. ते साधूंच्या सेवेविषयी सांगितलंय हे मलाही ठाऊक आहे, कुणी वाद घालू नये. पण पर्वात उपवासाची पत्रिका छापणाऱ्या आम्हा बायकांना, दहा वर्षं सलग न झोपलेल्या बाईची दोन तासांची रजा तपात धरायला काय हरकत आहे?

मंडळात मी यातलं काहीच बोलले नाही. चहा आला, जाऊ कप वाटत आली. जिनं 'काय बाई ती आई' म्हटलं होतं तिनंच विचारलं, "बिस्किटं नाहीत का गं?" जाऊ म्हणाली, "आणते."

हे लिहिते आहे तो बुधवार आहे. बुधवार आणि शनिवारी दुपारी पुतण्या माझ्याकडं असतो, असं आम्ही ठरवून घेतलंय. उशिरा ठरवलं, पण ठरवलं. माझ्या स्वयंपाकघरातले सगळे डबे त्यानं उंचीप्रमाणं लावलेत आणि झाकणं वेगळी काढलीत. मधला एक डबा मी साखरेसाठी उचलला तर ओरडला, मग परत जागेवर ठेवला. चहा बिनसाखरेचाच घेतला. वर माडीवर जाऊ झोपली आहे. साडेतीन वाजलेत, चारला उठव म्हणाली होती. साडेचारला उठवीन.