आयस्कझीचं मानक वाचताना: आरएफसी ७१४३ काय सांगतं, काय नाही

स्टोरेज नेटवर्किंगवर काम करायचं म्हटलं की गाइड म्हणतात, "आधी मूळ मानक वाचा." सल्ला योग्यच आहे. पण मानक वाचलं म्हणजे प्रत्यक्ष यंत्रणा कळली, असं समजू नका.

आयस्कझीची कल्पना सोपी आहे. डिस्कला द्यायच्या स्कझी कमांड टीसीपीवरून पाठवायच्या. कमांड देणारा इनिशिएटर, त्या पाळणारं टार्गेट, ठरलेला पोर्ट ३२६०. फायबर चॅनेलचं वेगळं जाळं लागत नाही, साधं इथरनेट चालतं. २००४ मध्ये आरएफसी ३७२० आलं. ते आणि त्यावरच्या दुरुस्त्या एकत्र करून २०१४ मध्ये आरएफसी ७१४३ झालं.

काटेकोरपणा ही या मानकाची ताकद. एका सेशनमध्ये अनेक टीसीपी कनेक्शन असली तरी कमांडचा क्रम कसा टिकतो, हे त्यात नीट मांडलंय. पण नेमकी हीच सोय लिनक्सचा ओपन-आयस्कझी वापरत नाही. तिथे एका सेशनला एकच कनेक्शन असतं. जास्त मार्ग हवे असतील तर अनेक सेशन उघडून वर मल्टिपाथ बसवतात. म्हणजे मानकातली आकृती थीसिसमध्ये उतरवलीत, तर तुमच्या लॅबमध्ये नसलेल्या यंत्रणेचं वर्णन होईल.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. टीसीपीचा चेकसम फक्त १६ बिटांचा. बिघडलेली पॅकेट्स त्यातून निसटू शकतात, हे स्टोन आणि पार्ट्रिज यांनी २००० मध्येच दाखवलं होतं. म्हणून मानकाने सीआरसी३२सी डायजेस्टची सोय प्रत्येकाने करायलाच हवी असं म्हटलं, पण डीफॉल्ट मूल्य मात्र 'नन' ठेवलं! सोय असणं सक्तीचं, वापरणं ऐच्छिक. आता सांगा, एखाद्या पेपरमध्ये थ्रूपुट छान दिसतोय, पण डायजेस्ट चालू होतं की बंद हे लिहिलेलंच नाही. त्या आकड्याशी तुमचा आकडा कसा ताडणार?

ही निवड का केली, तडजोड कुठे झाली, हे मानकात फारसं सापडत नाही. त्यासाठी २००२ चं आरएफसी ३३४७ आधी वाचा. गरजा आणि डिझाइनमागचा विचार तिथे आहे. मग ७१४३ आणि शेवटी तुमच्या इनिशिएटरची कॉन्फिग फाइल. प्रयोगाच्या प्रकरणात डायजेस्ट, सेशनची संख्या आणि मल्टिपाथची पद्धत न चुकता नोंदवा. परीक्षकाचा पहिला प्रश्न बहुधा तिथूनच येईल.