दलील : वाटाड्या, वाळवंट आणि प्रवासकथनाची प्रमाणता

प्रवासकथनाची मीमांसा करताना समीक्षा साधारणतः दोनच पक्ष गृहीत धरते : पाहणारा प्रवासी आणि पाहिला जाणारा प्रदेश. दृष्टी, सत्ता, परकेपण, प्रतिरूपण या संकल्पनांची मांडणी या दोहोंच्या संबंधावर उभी असते, आणि एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) या ग्रंथानंतर तिला विशेष धार आली हे मान्य केलेच पाहिजे. मात्र या द्विपक्षीय मांडणीतून एक तिसरा माणूस सातत्याने गळतो. तो म्हणजे वाटाड्या. नगराच्या किंवा बंदराच्या वर्णनात तो गळाला तर फारसे बिघडत नाही. तेथे प्रवासी थोडाफार स्वतःच्या डोळ्यांनी चालू शकतो. वाळवंटात तसे होत नाही. तेथे वाट जमिनीवर नसते, कुणाच्या तरी स्मरणात असते. म्हणून वाळवंटाचे कथन करणाऱ्या प्रत्येक संहितेला विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, ही वाट कोणाला ठाऊक होती, आणि ज्याला ती ठाऊक होती त्याचे संहितेत काय झाले?

मोरोक्कोतील एका मार्गाभोवती जमलेल्या काही संहिता या दृष्टीने वाचता येतात. माराकेश किंवा फेज या जुन्या नगरांतून निघून ॲटलास पर्वत ओलांडावयाचा आणि मेरझूगा येथील वाळूच्या टेकड्यांपाशी पोहोचावयाचे, असा हा मार्ग. पर्यटनसंस्था आज तो तीन दिवस दोन रात्रींत घडवितात. माराकेशहून निघालेली गाडी २,२६० मीटर उंचीची तिझी-न-तिश्का ही खिंड चढते, आइत बेनहद्दू या मातीच्या तटबंदीच्या गावी थांबते (१९८७ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे), दादेस आणि तोद्रा यांच्या घळींतून एर्फूद व रिसानी ओलांडते, आणि सुमारे ५६० किलोमीटरांच्या अंती एर्ग शेब्बीच्या पायथ्याशी प्रवाशाला उंटावर बसवते.

या सहलीचे वेळापत्रक हीसुद्धा एक संहिता आहे, आणि तिचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. तिचा काळ भविष्य, तिचा पुरुष द्वितीय. ‘न्याहारीनंतर प्रस्थान’ या आपल्याकडील सहलपत्रकांतल्या चिरपरिचित शब्दप्रयोगापासून सूर्यास्ताच्या दर्शनापर्यंत सारे काही तुम्ही पाहण्याआधीच पाहून झालेले असते. प्रवासी येथे लेखक नसून वाचक असतो. दुसऱ्याने रचलेली संहिता तो क्रमाने, पायाने वाचत जातो. त्यातही गंमत अशी की, पत्रकातले सर्वांत मोठे आश्वासन एकांताचे असते. उंट कोणी आणला, तंबू कोणी ठोकला, पाणी किती अंतरावरून आले, यांविषयी पत्रक मौन पाळते. तो एकांत पुष्कळ माणसांच्या श्रमातून निर्माण होतो, आणि ती माणसे दिसली की तो नाहीसा होतो. तेव्हा वाटाड्याचे अदृश्य होणे ही या संहितेची गरजच आहे. तो दिसावयाचाच असेल तर निळा झगा आणि फेटा घालून, ‘निळा माणूस’ म्हणून दिसावा. हे रूप तुआरेगांचे. मेरझूगाचा परिसर प्रामुख्याने आइत अत्ता या अमाझिग टोळीसमूहातील लोकांचा. वाटाड्या येथे प्रवाशाने आधीच वाचलेल्या एका पात्राचा वेष घेतो. या वेषांतराला फसवणूक म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते तो अत्यंत सावध असा वाचनव्यवहार आहे : ग्राहकाच्या मनात कोणती संहिता आहे हे वाटाड्याने नेमके ओळखलेले असते.

रिसानीजवळून ही गाडी जाते तेथे सिजिलमासा या नगराचे अवशेष आहेत. सहाराच्या उत्तर कडेवरील या व्यापारी नगरात इब्न बतूता फेजहून येऊन पोहोचला, चार महिने राहिला, उंट विकत घेऊन त्यांना चारत बसला, आणि हिजरी ७५३ च्या मुहर्रममध्ये, म्हणजे १३५२ च्या फेब्रुवारीत, काफिल्यासोबत दक्षिणेला निघाला. (ज्या विद्वानाच्या घरी तो येथे उतरला त्याचा भाऊ त्याला पूर्वी चीनमध्ये भेटला होता. त्या काळच्या जगाच्या विस्ताराची आणि त्याच्या आटोपशीरपणाचीही कल्पना यावरून यावी.) आजच्या सहलीचा शेवट होतो तेथे त्याच्या प्रवासाचा आरंभ होतो.

पंचवीस दिवसांनी तो तघाझा येथे पोहोचतो. घरे मिठाच्या चिऱ्यांची, छपरे उंटांच्या कातड्यांची, झाड एकही नाही. पण या वर्णनापेक्षा पुढचा भाग आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तासरहला या मुक्कामी काफिला तीन दिवस थांबतो आणि तेथून ‘तक्शीफ’ पुढे पाठविला जातो. मसूफा जमातीतील कोणा माणसाला काफिल्यातले लोक या कामासाठी नेमतात. तो एकटा वलाता नगराकडे निघतो. त्याच्याजवळ काफिल्यातील लोकांनी आपापल्या परिचितांना लिहिलेली पत्रे असतात : आमच्यासाठी घरे भाड्याने घ्या आणि चार रात्रींच्या अंतरावर पाणी घेऊन सामोरे या. तक्शीफ वाटेत मेला तर वलात्याच्या लोकांना काफिल्याची वार्ताच लागत नाही, आणि काफिल्यातील सर्व किंवा बहुतेक माणसे मरतात. एकट्या तक्शीफशी सैतान खेळतात आणि त्याला भुलवतात, असेही इब्न बतूता नोंदवितो. शंभर मिस्काल सोने हे या प्रवासातल्या तक्शीफचे मोल होते, हे सांगावयास तो विसरत नाही.

येथे वाटाड्याचे तीन घटक एकत्र आले आहेत : त्याचे ज्ञान, त्याचे मोल आणि त्याचे मरण. आधुनिक प्रवासकथन यांतील पहिला घटक स्वतःकडे घेते, दुसरा हिशेबाच्या वहीत ठेवते आणि तिसऱ्याचा उच्चारही करीत नाही. शिवाय तक्शीफ हा पत्रवाहक आहे. काफिल्याचे जगणे एका लिखित संहितेवर अवलंबून आहे. ती संहिता वाहून नेणारा पोहोचला आणि ती वाचली गेली, तरच पाणी मिळते. अरबीतील ‘कश्फ’, म्हणजे उघड करणे, या धातूशी ‘तक्शीफ’चे नाते आहे. सामान्य वाटाड्यासाठी असलेला ‘दलील’ हा अरबी शब्द तर याहून सूचक आहे, कारण त्याचा दुसरा अर्थ पुरावा, प्रमाण. हिंदी-उर्दूच्या परिचयामुळे हा दुसरा अर्थ मराठी वाचकालाही ठाऊक असतो. याच प्रवासातला दलील एका डोळ्याने आंधळा आणि दुसऱ्याने अधू होता, तरीही वाट त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नव्हती, हे इब्न बतूता आश्चर्याने सांगतो.

या आश्चर्यात प्रवासकथनाच्या प्रमाणशास्त्रातली एक मोठी अडचण दडलेली आहे. ‘मी पाहिले’ हे प्रवासवर्णनाचे मूळ प्रमाण, म्हणजे प्रत्यक्ष. पण ज्याच्या मागून हा पाहणारा चालला आहे तो जवळजवळ दृष्टिहीन आहे. येथे ज्ञान प्रत्यक्षाने येत नाही, ते शब्दप्रमाणाने, आप्तवाक्याने येते. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू असल्याचे म्हटले आहे. आप्तत्व कुळावर ठरत नाही; वस्तूचे यथार्थ ज्ञान आणि ते सांगण्याची इच्छा यांवर ठरते. मसूफा वाटाड्या या अर्थाने आप्त आहे, आणि फेजच्या दरबारात पुढे सादर झालेला ग्रंथ त्याच्या आप्तवाक्यावर उभा आहे. हा ग्रंथसुद्धा इब्न बतूताने स्वहस्ते लिहिलेला नाही. सुलतान अबू इनानच्या आज्ञेवरून इब्न जुझय्य याने तो शब्दबद्ध केला. प्रवाशाला वाटाड्या लागला, तसा त्याच्या कथनालाही लागला. फरक एवढाच की लेखनिकाचे नाव ग्रंथावर राहिले आणि वाळवंटातल्या वाटाड्याचे राहिले नाही.

त्यामुळे इब्न बतूताला आदर्श मानण्याचे कारण नाही. १३५३ मध्ये तकद्दाहून तो परत निघाला तेव्हा ज्या काफिल्यात तो होता त्यात सुमारे सहाशे दासी होत्या. तो संख्या सांगतो आणि पुढे जातो. तक्शीफच्या संभाव्य मरणाची जाणीव असलेल्या या निवेदकाला त्या सहाशेजणींच्या चालण्याविषयी सांगण्यासारखे काही वाटत नाही.

विसाव्या शतकातील संहितांकडे वळले की वाटाड्याची गळती स्पष्ट दिसू लागते. एडिथ व्हॉर्टन १९१७ मध्ये जनरल ल्योते यांच्या पाहुण्या म्हणून मोरोक्कोत हिंडल्या. ‘इन मोरोक्को’ (१९२०) या पुस्तकाच्या आरंभी या देशासाठी मार्गदर्शक पुस्तक नसल्याची तक्रार आहे, आणि अर्पणपत्रिका ल्योते दांपत्याला आहे. एवढ्यावरून वाटाड्याची जागा कोणी घेतली ते कळते : लष्करी मोटारीने, आणि ती देणाऱ्या सत्तेने. पुस्तकाविषयी याहून अधिक सांगण्याची येथे गरज नाही.

पॉल बोल्स यांची ‘द शेल्टरिंग स्काय’ (१९४९) ही कादंबरी मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. तिची भूमी अल्जीरियाचा सहारा. लेखकाचे वास्तव्य मोरोक्कोतील तांजियरचे. पोर्ट हा नायक स्वतःला पर्यटक न मानता प्रवासी मानतो. या भेदाची चर्चा पुष्कळ झाली आहे, परंतु त्याचा वाटाड्याशी असलेला संबंध दुर्लक्षित राहिला. पर्यटकाला वाटाड्या लागतो हे उघड असते. प्रवाशाला तो लागतो हे लपवावे लागते. कादंबरीच्या आरंभी स्माईल नावाचा तरुण पोर्टला गावाबाहेरच्या तंबूत नेतो, आणि तेथे सहारात चहा पिण्याची आस धरलेल्या तीन मुलींची गोष्ट सांगितली जाते. त्या मुली अखेर वाळूने भरलेल्या पेल्यांशेजारी मरून पडलेल्या सापडतात. सबंध कादंबरीचे बीज या गोष्टीत आहे. म्हणजे कादंबरीला तिचा अर्थ एका वाटाड्याच्या मध्यस्थीने मिळतो. पोर्टला ती केवळ रंजक वाटते. पुढे तो तापाने मरतो आणि त्याची पत्नी किट वाळवंटात हरवते. सैदप्रणीत समीक्षा येथे पौर्वात्य स्त्रीचे प्रतिरूपण शोधते, आणि ते सापडतेही. पण स्माईलकडे आणि त्या गोष्टीकडे कथनाचा स्रोत म्हणून पाहावे असे तिला सहसा सुचत नाही. प्रतिरूपणाची चिकित्सा करता करता तीही वाटाड्याला प्रतिमाच समजून बसते, आणि ज्या विस्मरणाचा दोष ती लेखकाला देते ते विस्मरण तिच्याकडूनही घडते.

या साऱ्याला छेद देणारी संहिता मला ताहर बेन जेलून यांच्या ‘वाळूचे मूल’ (१९८५) या फ्रेंच कादंबरीत दिसते. माराकेशच्या जेमा अल-फना या चौकात कथेकरी आपल्याभोवती कडे करून बसलेल्या श्रोत्यांना गोष्ट सांगतो आहे. ही गोष्ट म्हणजे सात दारांची तटबंदी आहे, आणि एकेका दारातून तो त्यांना आत नेणार आहे. गुरुवारचे दार, शुक्रवारचे दार, असा हा अनेक दिवसांचा प्रवास आहे. कथेकरी येथे शब्दशः वाटाड्या आहे. सहलपत्रकातला प्रवासी अनेक दिवस चालून नगरातून वाळवंटात पोहोचतो. येथे श्रोते चौक सोडीत नाहीत आणि वाळू त्यांच्यापाशी येते. मुलगी म्हणून जन्मलेल्या आणि मुलगा म्हणून वाढविल्या गेलेल्या अहमदची ही कथा कोणत्याही एका दारातून पूर्ण दिसत नाही.

आणि मग कथेकरी नाहीसा होतो. चौक ‘स्वच्छ’ केला जातो, गारुडी आणि कथेकरी हटविले जातात, संगीतावर नाचणारे कारंजे येते. म्हाताऱ्याचा मृतदेह एका आटलेल्या झऱ्यापाशी सापडतो; छातीशी हस्तलिखित धरलेले असते. तासरहलाहून निघालेला तक्शीफ वाटेत मेला तर जे होईल ते येथे झाले आहे : पत्र हातात आहे, पोहोचलेले नाही, आणि पाणी नाही. फरक पुढे आहे. या काफिल्यातील माणसे मरत नाहीत. सालेम, अमार आणि फतूमा हे तीन श्रोते एका कॅफेत जमतात आणि प्रत्येकजण आपल्या परीने गोष्ट शेवटास नेतो. तीन शेवट परस्परांशी जुळत नाहीत. आप्तवाक्य तुटल्यावर उरते ते अनुमान, आणि अनुमाने तीन असू शकतात.

(वास्तवातला चौक कादंबरीतल्यासारखा पुसला गेला नाही. २००१ मध्ये युनेस्कोने त्याच्या मौखिक परंपरेचा गौरव केला. त्या गौरवाने कथेकऱ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न सुटला असे कोणी म्हणणार नाही.)

तिघांपैकी सालेमची ओळख कादंबरी थोडक्यात करून देते : शतकाच्या आरंभी एका धनिक व्यापाऱ्याने सेनेगलहून आणलेल्या गुलामाचा तो मुलगा आहे. सहारा ओलांडून माणसे आणण्याचा जो व्यवहार इब्न बतूताने एका संख्येत उरकला, त्याच व्यवहाराच्या वंशातला हा माणूस वाटाड्या मेल्यावर सर्वांत आधी गोष्ट हाती घेतो. मेरझूगाच्या दक्षिणेस खमलिया नावाचे गाव आहे. तेथील पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज याच वाटेने गुलाम म्हणून आणले गेले होते, आणि सहलीतील प्रवाशांना त्यांचे ग्नावा संगीत ऐकविण्यासाठी तेथे नेले जाते. वेळापत्रकात त्यासाठी काही मिनिटे राखून ठेवलेली असतात. त्या गाण्याचे बोल कोणत्या भाषेतले, हे मात्र बहुधा वाटाड्यालाच विचारावे लागते.