रंगमंचाकडे पाठ : रॉक-रसिकांच्या प्रवासातील हौशी छायाचित्रांचा विचार

हौशी छायाचित्राची समीक्षा करावयाची झाल्यास पहिली अडचण निकषांची येते. प्रकाशयोजना, चौकटीची रचना, नेमका क्षण हे व्यावसायिक छायाचित्रणाचे निकष लावले, तर रॉक संगीताच्या मेळाव्याला मित्रांसह जाऊन आलेल्या तरुणाचा अल्बम पहिल्या दोन पानांतच नापास होतो. मंचावरचे वादक नखाएवढे, चेहरे अंधारात, खांब कललेले आणि मध्येच कोणाचे तरी बोट भिंगावर आलेले. मात्र हा अल्बम मुळात काय टिपू पाहत होता, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील रॉक-रसिकांच्या अशा छायाचित्रांचा त्या दृष्टीने विचार केला आहे.

पाश्चात्त्य देशांत एखाद्या वाद्यवृंदाच्या चाहत्यांची स्वतंत्र संमेलने भरतात. न्यूयॉर्क येथे १९७४ मध्ये सुरू झालेले 'बीटलफेस्ट' हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे मूळ वाद्यवृंद हजर नसतो. चाहतेच एकमेकांना भेटतात. महाराष्ट्रात त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे १९८६ मध्ये मुंबईच्या धोबीतलाव भागातील रंगभवन या खुल्या नाट्यगृहात सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळावा. एकाहून अधिक भारतीय वाद्यवृंद तेथे वाजवीत असल्याने कोणा एकाचे दर्शन हे त्याचे प्रयोजन नव्हते. प्राध्यापकवर्गाला हे समजावयास फार लांब जावे लागू नये. डिसेंबर २०१० मध्ये ठाण्यात भरलेल्या चौऱ्याऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाची घरोघरी असलेली छायाचित्रे काढून पाहिली, तर संमेलनाध्यक्ष उत्तम कांबळे त्यांत कितीसे सापडतील? प्रवेशद्वाराची कमान, ग्रंथदालन आणि सहकारी मात्र खचित सापडतील.

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतून रंगभवनला जाणे हा पूर्ण दिवसाचा प्रवास होता. शहापूरकराला आसनगाव स्थानक गाठावे लागे. तेथून मुंबईचे टोक सुमारे ८५ किलोमीटर. मुरबाडला रेल्वे नसल्याने आधी एस.टी.ने कल्याण, मग लोकल. परतताना शेवटच्या कसारा लोकलचे गणित कार्यक्रमाच्या शेवटच्या गाण्यापेक्षा महत्त्वाचे. दक्षिण मुंबईतला श्रोता कार्यक्रमाला 'जातो'. इतक्या दुरून येणारा श्रोता प्रवास करतो, आणि त्याच्या रोलमध्ये फलाट, डब्याचे दार, स्थानकाबाहेरची चहाची टपरी यांना जागा मिळते ती त्यामुळेच. छत्तीस चौकटींच्या रोलमधल्या कितीतरी चौकटी नाट्यगृहात शिरण्यापूर्वीच संपतात. याला अननुभव म्हणून सोडून देणे म्हणजे छायाचित्र न वाचताच गुण देण्यासारखे आहे.

नाट्यगृहातील छायाचित्रांचे परीक्षण अधिक बारकाईने करावे लागते. १९८० च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेल्या 'हॉट शॉट'सारख्या कॅमेऱ्यांत केंद्रबिंदू ठरलेला असे. नेम धरावा आणि कळ दाबावी, एवढेच काम. अशा कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड काही मीटरच पोहोचतो. मंच त्याहून पुष्कळ दूर असतो. परिणामी कळ दाबली जाते मंचासाठी आणि उजळून निघतात पुढच्या दोन रांगांतली डोकी: घामेजलेल्या माना, वर केलेले हात, काळ्या टी-शर्टच्या पाठीवरची अक्षरे, कोणाच्या तरी खांद्यावर बसलेला मित्र. मंच म्हणजे वर कोपऱ्यात तांबूस डाग. साधनाच्या दुबळेपणाने येथे विषयच बदलला आहे. छायाचित्रकाराचा हेतू एक आणि चित्राचा आशय दुसरा. आणि हा दुसरा आशय अधिक मोलाचा आहे, कारण व्यावसायिक छायाचित्रकार जी गोष्ट सहसा टिपत नाही, ती येथे चौकटीच्या मध्यभागी आली आहे. रोलाँ बार्थ यांनी 'कॅमेरा ल्युसिडा' (१९८०) या ग्रंथात पाहणाऱ्याला अचानक टोचणाऱ्या तपशिलासाठी 'पंक्टम' ही संज्ञा वापरली. अशा अल्बमांत तो तपशील शोधण्यासाठी मंचाकडे पाहून उपयोग नाही.

याच्या विरुद्ध टोकाला अधिकृत छायाचित्रे येतात. आयर्न मेडन या ब्रिटिश वाद्यवृंदाने १७ मार्च २००७ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर भारतातील आपला पहिला कार्यक्रम केला आणि पुढील जागतिक दौऱ्याचा आरंभ १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत केला. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बोइंग ७५७ विमानातून वाद्यवृंद देशोदेशी फिरला. या दौऱ्यावर 'फ्लाइट ६६६' (२००९) हा माहितीपट निघाला आणि जॉन मॅकमरट्री यांच्या छायाचित्रांचे 'ऑन बोर्ड फ्लाइट ६६६' हे पुस्तक २०११ मध्ये आले. कौशल्याच्या दृष्टीने त्यांच्याशी हौशी अल्बमाची तुलनाच संभवत नाही. परंतु पुस्तकाचे नावच सांगते की प्रवास विमानातल्यांचा आहे. अशा मांडणीत श्रोता समुदाय म्हणून येतो. त्याने तिकिटाचे पैसे कसे जमविले, तो कोणत्या गाडीने आला, कोणाबरोबर आला, हे ती छायाचित्रे सांगत नाहीत आणि त्यांनी सांगावे अशी अपेक्षाही नाही.

हौशी छायाचित्राला मोल केव्हा येते, याचे एक बोधप्रद उदाहरण भारतातीलच आहे. फेब्रुवारी १९६८ मध्ये ऋषीकेश येथे महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात बीटल्स आले असता पॉल साल्ट्झमन हा कॅनडाचा तरुण तेथे पोहोचला. चित्रपटासाठी ध्वनिमुद्रण करण्याच्या निमित्ताने तो भारतात आला होता; छायाचित्रण हा त्याचा व्यवसाय नव्हता. त्याने काढलेली छायाचित्रे सुमारे तीन दशके घरात पडून राहिली आणि २००० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील महर्षींसह सर्वांचा समूहफोटो सर्वाधिक गाजला, पण समीक्षेच्या दृष्टीने तो सर्वांत निर्जीव म्हणावा लागेल. शाळेच्या वार्षिक फोटोसारखी त्याची मांडणी आहे. याउलट रिंगो स्टार स्वतःच हातात चलच्चित्र कॅमेरा घेऊन दिसतो, त्या चित्रात तारा आणि यात्रेकरू यांतील अंतर मिटते. अर्थात ही पेटी उघडली गेली ती त्यातील चेहरे जगप्रसिद्ध होते म्हणून. आसनगावच्या फलाटावरील चार मित्रांच्या पेटीला हे भाग्य लाभण्याचे कारण नाही.

या चार मित्रांचे छायाचित्र वाचण्यासाठी रॉक संगीताच्या इतिहासापेक्षा यात्रेची परंपरा अधिक उपयोगी पडते. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तेथील गुरांचा बाजार सर्वश्रुत आहे. आपल्याकडील जत्रांतून रंगविलेल्या पडद्यासमोर फोटो काढून घेण्याची रीत बराच काळ होती. त्या फोटोत देव नसे. असत ते बरोबर आलेले लोक. पिएर बोर्द्यू यांनी १९६५ च्या आपल्या अभ्यासात कुटुंबातील छायाचित्रण हे समूहाच्या ऐक्यावर शिक्कामोर्तब करणारे कृत्य असल्याचे दाखविले, तर ख्रिस्तोफर पिनी यांनी 'कॅमेरा इंडिका' (१९९७) मध्ये मध्य प्रदेशातील नागदा येथील स्टुडिओंच्या आधारे भारतीय छायाचित्रांचे सामाजिक जीवन उलगडले. मराठीत संदेश भंडारे यांचे 'तमाशा : एक रांगडी गंमत' फडाबरोबर फिरणाऱ्या माणसांकडे वळते. भंडारे व्यावसायिक आहेत आणि त्यांची नजर कमावलेली आहे. तरी मंचाबाहेर पाहण्याची दिशा हीच आहे.

तथापि या अल्बमांविषयी भाबडेपणा बाळगून चालणार नाही. ही बहुधा मुलग्यांनी मुलग्यांची काढलेली छायाचित्रे आहेत. रात्री उशिरा लोकलने दूर गावी परतण्याची मुभा कोणाला होती, हे या चौकटीतील अनुपस्थितीवरूनच कळते. शिवाय वही-पुस्तकांच्या खर्चातून तिकिटासाठी काढलेले पैसे, घरी सांगितलेले खोटे कारण, परतीच्या वाटेवरची भांडणे यांतले काहीही चित्रात उतरत नाही. सगळे हसत असतात. आणि मागे नाव, सन, ठिकाण लिहिलेले नसेल तर चांगल्यातले चांगले छायाचित्रही मुके राहते. प्रत्येक अस्पष्ट फोटो दस्तऐवज ठरत नाही.

तरीही प्रश्न निकडीचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. रंगभवनाच्या शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालये असल्याने तेथील ध्वनिवर्धकाचे कार्यक्रम त्या दशकाच्या आरंभीच बंद पडले. रुग्णाच्या झोपेपुढे गिटारचा हक्क मोठा नाही, हे मान्यच. पण त्या जागेतील श्रोतृवर्ग कोण होता, हे सांगणारा पुरावा आता मुख्यतः खाजगी अल्बमांत आहे. भारतीय रॉकचा इतिहास इंग्रजी बोलणाऱ्या महानगरी तरुणाचा म्हणून सांगितला जातो. कसारा मार्गावरचा, मराठी माध्यमात शिकलेला श्रोता त्यात कोठे होता की नव्हता, याचा निर्णय अंदाजाने करण्यापेक्षा ही छायाचित्रे तपासून करणे इष्ट.

तपासणीत सुट्या फोटोंपेक्षा निगेटिव्हची पट्टी अधिक विश्वसनीय ठरते, कारण तिच्यावर चौकटींचा क्रम मोडत नाही. रोल महाग, म्हणून उरलेल्या चौकटी घरच्या गणपतीसाठी किंवा बहिणीच्या साखरपुड्यासाठी राखल्या जात. गिटार आणि मखर एकाच पट्टीवर शेजारी येतात. मोबाइलच्या छायाचित्रात वेळ आपोआप नोंदली जाते, पण जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममधील कोल्डप्लेच्या कार्यक्रमांत असंख्य हातांनी टिपलेली दृश्ये पाहता मोठा पडदा आणि मनगटांवरचे दिवे यांपलीकडे एकाची चौकट दुसऱ्याहून वेगळी ओळखणे कठीण जाते. निगेटिव्हांना मात्र शहापूर-मुरबाडचा पावसाळा मानवत नाही. कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात, त्यांवर बुरशीची जाळी धरते, आणि ती प्रथम चेहऱ्यांवर धरली की मंचावर, हे सांगता येत नाही.