एक मोटार-चोर आणि त्याचें न्यायशास्त्र

एल्दार रियाझानोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा 'मोटारीपासून सावध' हा १९६६ चा बोलपट विनोदी म्हणून वाखाणला जातो, तें योग्यच आहे. आम्हांस बोलावयाचें आहे तें त्यांतील न्यायशास्त्राविषयीं.

नायक देतोच्किन हा विमा-कचेरींतला साधा नोकर. लांचखाऊंच्या 'व्होल्गा' मोटारी हेरून तो चोरतो, विकतो आणि आलेला पैसा अनाथाश्रमांस धाडतो. ही भूमिका स्मोक्तुनोव्स्कीची. १९६४ सालीं कोझिन्त्सेव्हच्या चित्रपटांत ज्यानें हॅम्लेट उभा केला, तोच येथें हौशी रंगभूमीवर हॅम्लेट वठविणारा चोर होतो! ही थट्टा फार गोड साधली आहे. हा मनुष्य खुळा कीं साधु, हें शेवटपर्यंत ठरत नाहीं. अभिनयाचें यश तें हेंच.

पण चोरी करणारा नायक प्रेक्षकांस इतका लवकर कां पटावा? त्या काळीं सोव्हिएट नोकरदाराचें सरासरी मासिक वेतन १०० रुबलांच्या आसपास, आणि व्होल्गाची किंमत ५,००० हून अधिक. योजनाकारांचा भर मालमोटारींवर. १९६५ मध्यें सुमारें २३ कोटी लोकांच्या देशांत प्रवासी मोटारी बनल्या त्या जेमतेम २ लाख, आणि त्यांतल्याही कित्येक सरकारी खात्यांकडे व टॅक्सींकडे जात. अशा ठिकाणीं दारीं मोटार असणें हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो. चित्रपटांतील सेमित्स्वेतोव्ह हा विक्रेता परदेशी टेपरेकॉर्डर गुपचूप चढ्या भावानें विकतो. दुकानांत माल मुबलक असता, तर या गृहस्थास विचारतो कोण? बोलपट त्याची यथेच्छ टर उडवितो. टंचाई कोणी निर्माण केली, हा प्रश्न मात्र उच्चारीत नाहीं.

दिग्दर्शकास दोष देतांना आमचा हात अडखळतो. अधिकाऱ्यांनीं पटकथा अडवून धरली, तेव्हां रियाझानोव्ह व ब्रागिन्स्की यांनीं १९६४ मध्यें आधीं तिची कादंबरिका छापविली. तेथें इतकें बोलणेंही धाडसाचेंच होतें.

बोलपट निघाला त्याच वर्षीं सोव्हिएट सरकारनें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार केला. (व्होल्गा बनविणारा गॉर्कीचा कारखानाही फोर्डच्या साह्यानेंच उभारलेला, ही उसनवारी जुनीच!) तोल्यात्ती शहरांतून १९७० पासून 'झिगुली' बाहेर पडूं लागल्या, १९७५ मध्यें देशाचें उत्पादन १२ लाखांवर गेलें. लांचखाऊ राहिले ते राहिलेच. पण मोटारीसाठीं वर्षानुवर्षें नांव लावून बसणेंही सुटलें नाहीं.

शेवटीं शिक्षा भोगून देतोच्किन परततो, तेव्हां त्याची प्रेयसी ट्रॉलीबस हांकीत असते. साऱ्या बोलपटांत आम्हांस खरें वाटलें तें हें दृश्य.